अंदमानला जाऊन मौज करावी का?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त घडलं ते एका फोटोचं.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही दोघं अंदमानहून परत आलो. आल्या आल्या नातवाने माझ्या फोनमधले फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. त्यातला एक फोटो असा: मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, कपाळावर पाण्यात बघायचा भला मोठा चष्मा, केसांचा पार अवतार झालेला. शेजारी हे, रबरी ट्यूबला दोन्ही हातांनी धरून, तोंड उघडं टाकून हसताहेत. नातवाने खाली लिहिलं होतं, 'आजी-आजोबा रॉक्स!'

मग प्रतिक्रिया सुरू झाल्या. मुलाने अंगठा दाखवला आणि पुढे लिहिलं, 'सांभाळून.' (परत आल्यावर कसलं सांभाळायचं, कोण जाणे!) वन्संनी 'अगंबाई वहिनी, हा काय अवतार' म्हणून चार-पाच हसरे चेहरे टाकले. आणि रात्री उशिरा आमच्या धाकट्या भाऊजींनी लिहिलं, 'अंदमानला जाऊन हे केलंत? सेल्युलर जेलचा एकही फोटो नाही?'

भाऊजींना मी ओळखते. त्यांचं वाचन दांडगं. दरवर्षी सावरकर जयंतीला त्यांच्या वाचनालयात व्याख्यान ठेवतात, स्वतः खुर्च्या मांडतात. ते टोमणा मारायचा म्हणून लिहिणारे नाहीत, त्यांना खरंच वाईट वाटलं असणार. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. शिवाय खरं सांगायचं तर तोच प्रश्न तिथे असताना माझ्याही मनात आला होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. भाऊजी, रागावू नका. आणि बाकीच्यांनी हा आमच्या घरातला वाद आहे म्हणून सोडून देऊ नका. हा प्रश्न आपल्या सगळ्या पिढीचाच आहे असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचं लग्न १९७७ सालचं. हे एसटीत वाहतूक नियंत्रक, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. मी हायस्कूलवर मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवायची. ज्या दिवशी सगळं जग प्रवासाला निघतं त्या दिवशी यांना स्टँडवर उभं राहावं लागायचं. गणपती, दिवाळी, आषाढी, उन्हाळ्याची सुट्टी... लोकांना त्यांच्या त्यांच्या गाडीत बसवून देण्यात यांची सगळी नोकरी गेली. मी शाळेच्या सहलींबरोबर रायगड, प्रतापगड, अजिंठा सगळं पाहिलं, पण चाळीस मुली मोजत मोजत.

दोघं मिळून कुठे गेलोच नाही असं नाही. लग्नानंतर जेजुरीला गेलो, सासूबाई आणि दोन नणंदा बरोबर होत्या. मुलाचा नवस फेडायला कोल्हापूरला गेलो. सासऱ्यांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो. निवृत्तीनंतर काशी केली, ती पन्नास जणांच्या यात्रा कंपनीबरोबर. ही यादी मी परवा एका कागदावर लिहून काढली आणि माझ्या लक्षात आलं की यातल्या प्रत्येक प्रवासाला काही ना काही कारण आहे. देव, नवस, लग्नकार्य, मयत, दवाखाना. 'उगीच' म्हणून आम्ही कधीच कुठे गेलो नाही. आपल्या पिढीत कुणीच फारसं जात नव्हतं. 'सहज आलो' असं कुणी म्हणालं तरी चहा होईपर्यंत त्याचं काम बाहेर पडायचंच.

दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट घातले. तब्येत तशी सुधारली, डॉक्टर समाधानी होते. पण माणूस बदलला. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जाईनात. खिशात गोळ्यांची डबी, एका चिठ्ठीवर मुलाचा नंबर. जेवताना मध्येच थांबायचे आणि छातीवर हात ठेवून बघायचे. आणि हसायचे बंद झाले. म्हणजे कुणी काही बोललं तर ओठ हलायचे, पण पूर्वी स्टँडवरचे किस्से सांगताना ठसका लागेपर्यंत हसायचे, ते बंद झालं. मी कुणाला बोलले नाही. आज इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

म्हणून मी अंदमान काढलं. यांना दुसरं कुठलंही नाव सांगितलं असतं तर 'कशाला?' म्हणाले असते. अंदमान म्हटल्यावर मात्र नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, 'माझी जन्मठेप वाचल्यापासून मनात आहे खरं. एकदा ती कोठडी बघून यावी.' बघा, तिथेही कारण लागलंच! मी मनात म्हटलं, कारण तुमचं असू दे, मला तुम्हाला घराबाहेर काढायचं आहे. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी परवानगी दिली. खर्च माझ्या पेन्शनच्या साठ्यातून केला. नातवाच्या क्लासच्या एका वर्षाच्या फीएवढा आला, हेही सांगून टाकते, कारण तो प्रश्नसुद्धा काही जणांच्या मनात असणार.

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे येते. जेल आम्ही पाहिला. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम झालं आहे) पोचलो त्या दुपारी पहिलं काम तेच केलं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं त्याचं बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात भुजा होत्या, त्यांतल्या आता तीन शिल्लक आहेत. तिसऱ्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी. हे जिने चढताना दर वळणावर थांबत होते, मी मागे. कोठडीशी पोचल्यावर चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन नुसते उभे राहिले. फोटो काढला नाही. मी फोन पर्समधून काढलासुद्धा नाही. भाऊजी, फोटो नाही याचं कारण एवढंच आहे.

बाहेर काही मंडळी फाशीघरात दोराशेजारी उभं राहून हसत हसत फोटो काढत होती. ते मला आवडलं नाही आणि मी तसं बोललेही. मास्तरकीची सवय! एक बाई ओशाळल्या, बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मौज कुठेही चालते असं माझं म्हणणं नाही, हे आधीच स्पष्ट करते.

त्या इमारतीतली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जाईना. पुस्तकात वाचली होती, मुलांना सांगितलीही होती, पण डोळ्यांनी पाहिल्यावरच नीट कळली. प्रत्येक भुजेतल्या कोठड्यांची तोंडं शेजारच्या भुजेच्या पाठीकडे आहेत. म्हणजे गजांतून पाहिलं तर समोर फक्त दुसऱ्या इमारतीची पाठ दिसते, माणसाचा चेहरा दिसत नाही. कोलूला जुंपून रोज ३० पौंड खोबरेल काढायला लावणं, फटके, बेड्या हे सगळं होतंच. पण इमारतच अशी बांधली होती की माणसाला माणूस दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव हे सख्खे भाऊ त्याच तुरुंगात होते आणि एकमेकांना भेटणं-बोलणं त्यांना बंद होतं. तात्याराव १९११ ते १९२१ तिथे होते; माई सावरकरांना तिथे जाऊन नवऱ्याची भेट मिळाली ती १९१९ साली. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींच्या नशिबी तीही नव्हती. बाबाराव अंदमानात असतानाच त्या गेल्या. पुढे १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांनी तिथेच प्राण सोडले. त्यांचीही घरं होती, वाट पाहणारी माणसं होती.

त्या रात्री हॉटेलात आम्ही दोघं फारसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला जायचं होतं. हे म्हणाले, 'आता ते बेट-बिट राहू दे. जे बघायला आलो ते बघून झालं.' मलाही क्षणभर तसंच वाटलं. काल त्या कोठडीपुढे चपला काढल्या आणि उद्या समुद्रात डुंबायचं? पण तिकिटं काढलेली होती, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणं यांच्या रक्तात नाही. निघालो!

हॅवलॉकबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. हेन्री हॅवलॉक हा १८५७ च्या उठावात क्रांतिकारकांशी लढलेला इंग्रज सेनापती. त्या उठावातल्या कैद्यांना १८५८ पासून याच बेटांवर आणून टाकलं, आणि बेटाला नाव मात्र त्याचं! नेताजी डिसेंबर १९४३ मध्ये पोर्ट ब्लेअरला आले, त्यांनी तिरंगा फडकवला आणि या बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' अशी नावं सुचवली. त्याला धरून २०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचं 'स्वराज द्वीप' झालं आणि शेजारच्या नील बेटाचं 'शहीद द्वीप'. बोलताना मात्र अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, माझ्याही तोंडी तेच बसलं आहे. बेटावरची वस्ती बरीचशी पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची. गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. घरदार सोडून आलेल्या माणसांनी जंगलात गावं वसवली आणि येताना सोबत आणलेल्या देवाची नावं त्यांना दिली.

तर तो दिवस. सकाळी बेटाच्या धक्क्यावरून लहान स्पीडबोटीने 'एलिफंट बीच' नावाच्या किनाऱ्यावर जायचं होतं. धक्क्यावर नंबरप्रमाणे बोटी सुटतात, पण गर्दीचा गोंधळ चाललेला. आमच्या यांना हे बघवेना. दहा मिनिटांत हे पुढे होऊन 'सोळा नंबर इधर, सत्रह नंबर पीछे, बच्चेवाले पहले' करत उभे! बोटीवाला पोरगा हसून मला विचारतो, 'अंकल नेव्ही में थे क्या?' मी म्हटलं, 'नहीं बेटा, एसटी में.' त्याला काय कळलं देव जाणे. पण मला दोन वर्षांनी आमचे कंट्रोलर दिसले.

एलिफंट बीच नाव पडलं ते पूर्वी इथे लाकडाचे ओंडके ओढायला हत्ती असायचे म्हणून. ते हत्ती समुद्रातून पोहायचे. त्यांच्यापैकी राजन नावाचा हत्ती लाकूडतोडीवर बंधनं आल्यावर हॅवलॉकवरच राहिला आणि उतारवयातही पोहत असे. २०१६ साली तो गेला. ही गोष्ट ऐकून हे म्हणाले, 'म्हणजे रिटायर झाल्यावर पोहायला हरकत नाही म्हणायची.' मी ते वाक्य लगेच पकडून ठेवलं.

पाण्यात उतरण्यापूर्वी एक कागद भरून द्यावा लागतो. आजार लिहायचे. यांनी प्रामाणिकपणे स्टेंट लिहिले. तिथल्या मुलाने सांगितलं की समुद्राच्या तळाशी चालण्याचा आणि खोल बुडी मारण्याचा प्रकार तुम्हाला मिळणार नाही, पण काचेच्या तळाच्या बोटीत बसा. मला वाटतं त्याने योग्य केलं. या वयात मौज करायची तर अशा सूचना ऐकायच्या, तिथे हट्ट करायचा नाही. हे काचेच्या बोटीत बसले आणि मला म्हणाले, 'तू जा. तुला पोहता येत होतं ना, कृष्णेत?'

येत होतं, मंडळी. दहा-बारा वर्षांची असताना भावांबरोबर माहुलीच्या घाटावर मी पोहायला शिकले. लग्नानंतर पाण्यात पाय टाकला नाही. त्याला साठ वर्षं झाली. आणि यांना ते लक्षात होतं! मी कधी सांगितलं होतं मलाच आठवत नाही.

सुनेने बळेबळे बॅगेत घातलेला पंजाबी ड्रेस घालून मी उतरले. लाइफ जॅकेट होतं, शिवाय हाताखाली ट्यूब आणि ती ओढणारा एक बंगाली मुलगा. 'आंटी, सांस मुंह से लो, नाक से नहीं.' पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि घाबरून वर काढलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले.

काय सांगू? आयुष्यभर फळ्यावर प्रवाळ बेटांच्या आकृत्या काढल्या. 'प्रवाळ हे वनस्पती नसून सूक्ष्म प्राणी आहेत' हे वाक्य किती वर्गांना लिहून दिलं असेल. आणि ते प्रवाळ असे माझ्या हाताखाली होते. काही मेंदूसारखे, काही शिंगांसारखे, त्यांच्या मधून निळे-पिवळे मासे. एक नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांचा मासा दिसला, तो नातवाचा 'निमो'. काही भाग मात्र पांढरे-करडे, मेलेले होते. समुद्राचं पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या अंगातल्या शेवाळाला बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१० आणि २०१६ साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. मुलगा सारखा बजावत होता, 'छूना मत, खड़ा मत होना.' हात लावू नका, पाय टेकू नका. पुन्हा वाढायला त्यांना वर्षानुवर्षं लागतात. शाळेतल्या मुलांना मी जशी दरडावायची तसाच तो आम्हाला दरडावत होता आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मी बाहेर आले तर हे काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हणाले, 'काचेतून बघितलं. पण ते टीव्ही बघितल्यासारखं वाटलं. मला उथळ पाण्यात न्यायला सांग त्याला.' मी कागदावर भरलेलं सगळं त्या मुलाला पुन्हा सांगितलं. त्याने विचार केला, यांना कमरेएवढ्या पाण्यात ट्यूब धरून उभं केलं आणि मग हळूच पाय उचलायला सांगितलं. पाय उचलले तसे हे तरंगले. तेवढ्यात एक लाट आली आणि ट्यूबसकट त्यांना माझ्या अंगावर घेऊन आली. माझा चष्मा कपाळावर गेला, यांच्या तोंडात खारं पाणी गेलं आणि हे हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. मी घाबरून 'अहो, बास, छाती...' म्हणते आहे आणि हे हाताने 'थांब थांब' करत हसताहेत. आमच्या बोटीतल्या एका मुलीने तेव्हाच फोटो काढला. तोच हा फोटो.

म्हणून भाऊजी, तुम्हाला त्या फोटोत जेल दिसला नाही. मला त्यात दोन वर्षं हरवलेलं तुमच्या दादांचं हसू दिसतं.

दुपारी एका छोट्या बंगाली खाणावळीत जेवलो. डाळ, भात, बटाट्याची भाजी आणि यांच्यासाठी सुरमईचा तुकडा. बाहेर शहाळीवाला होता. शहाळं हातात आलं आणि मला एकदम कालचा कोलू आठवला. याच बेटांवरच्या खोबऱ्याचं तेल काढता काढता माणसं चक्कर येऊन पडली. घोट घशाखाली उतरेना. हे माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, 'पी. त्यांनी तेल काढलं ते आपण शहाळं पिऊ नये म्हणून नाही.' साधं वाक्य, पण मला ते पुरलं. मी प्यायले.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून गर्दी वाढली. पण किनारा एवढा लांबरुंद आहे की माणसं विखुरली जातात. मागे उंच झाडांचं दाट जंगल, पुढे बारीक पांढरी वाळू. सव्वापाचला सूर्य बुडाला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहा वाजतात. हे घड्याळ खोलीवर ठेवून आले होते, त्यांना वाटलं सात वाजले, गोळी चुकली! मग मी वाळूत काडीने रेखावृत्तं काढून दाखवली. आपलं सातारा सुमारे ७४ अंशांवर, हे ९३ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून १९ अंशांना ७६ मिनिटं. दिवस लहान-मोठा असण्याचा फरक धरला की तासाभराचं अंतर पडतं. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. हे लक्ष देऊन ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी वर्गात कशी शिकवते हे यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अंधार पडायच्या आत जीवरक्षकांनी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. आम्ही वाळूतच बसलो होतो. हे म्हणाले, 'अगं, आपण आधी का नाही आलो?'

मला उत्तर देता आलं नाही. पैसे नव्हते हे काही वर्षांपुरतं खरं होतं. रजा नव्हती हेही खरं. पण निवृत्तीनंतरची इतकी वर्षं? तेव्हा दोन्ही होतं. तेव्हा आडवं आलं ते फक्त 'कशाला?'. आणि यांना हृदयाचा त्रास झाला नसता तर ते आजही आडवं आलं असतं.

आता माझं मत स्पष्ट सांगते. अंदमानला जाऊन मौज करावी का? करावी. आधी त्या कोठडीपुढे नतमस्तक व्हावं, तिथे गप्प राहावं, मुलांना सगळं सांगावं. आणि मग दुसऱ्या दिवशी आपल्या माणसाला घेऊन समुद्रावर जावं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला तिथे जाईपर्यंत वाटत होतं, आता वाटत नाही. त्या तुरुंगाने माणसांकडून काढून घेतलं ते काय होतं? आपल्या माणसाचा चेहरा, त्याच्याशी चार शब्द, त्याच्याबरोबर समुद्राकाठी बसण्याची मुभा. येसूवहिनींना जे एकदाही मिळालं नाही, ते आपल्याला सहज मिळतं आणि आपण ते 'कशाला?' म्हणून नाकारतो. आदर दाखवण्याची ही रीत मला पटत नाही. स्वातंत्र्यासाठी ज्यांनी सोसलं त्यांनी आपण जन्मभर सुतकी चेहऱ्याने वावरावं म्हणून सोसलं नसणार.

दुसरं, मौज म्हणजे बेजबाबदारपणा नाही. प्लॅस्टिक किनाऱ्यावर टाकणं, प्रवाळाचे तुकडे खिशात घालणं (ते नेण्यास बंदी आहे), स्मारकात आरडाओरडा करणं हे काही मौजेचे प्रकार नव्हेत. आणि आपली मौज कुणाच्या तरी कष्टावर चालते हेही विसरू नये. ती ट्यूब ओढणारा मुलगा दिवसभर पाण्यात असतो. त्याच्याशी दोन शब्द नीट बोलावेत, त्याच्या सूचना ऐकाव्यात.

तिसरं, माझ्या वयाच्या मंडळींसाठी. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि अजून आपण 'त्यांचं एकदा मार्गी लागू दे' म्हणतो. मौज कमवावी लागते, आधी सगळी कर्तव्यं संपली पाहिजेत, असं आपल्याला शिकवलं गेलं. ती संपत नाहीत हो. आपणच संपत येतो. अंदमानलाच जायला पाहिजे असं नाही. तारकर्ली आहे, गणपतीपुळे आहे, जवळचं धरण आहे. पण एक दिवस असा असावा की ज्याला नवस नाही, कार्य नाही, बरोबर घेतलेलं तिसरं माणूस नाही.

आणि चौथं, मुलांसाठी. आई-वडिलांना 'सांभाळून' जरूर म्हणा, काळजी वाटते हे कळतं. पण त्याबरोबर कधीतरी 'मजा करा' असंही म्हणा. आम्हाला परवानगीची गरज नाही, तरी ऐकायला बरं वाटतं.

घरी आल्यापासून सगळं बदललं असं सांगणार नाही. गोळ्यांची डबी खिशात आहेच. परवा रात्री पुन्हा छातीवर हात ठेवून बसले होते. पण काल संध्याकाळी आपणहून स्टँडपर्यंत चालत गेले आणि जुन्या सहकाऱ्यांना सोळा आणि सतरा नंबरच्या बोटींचा किस्सा सांगून आले. मला एवढं पुरे आहे.

भाऊजी, तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे, कोठडीपुढे आम्ही तुमचीही आठवण काढली. आता एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, रागावू नका. तुमचा संदेश ग्रुपवर आला त्यानंतर पाच मिनिटांनी जाऊबाईंनी मला वेगळा संदेश पाठवला. त्यांनी विचारलं आहे, 'ताई, तो पाण्यातला चष्मा आपल्या नंबरच्या चष्म्यावर बसतो का हो?'

बसत नाही. पण दिसतं सगळं. दोघं जाऊन या.